नवी वेबसाइट करायच्या आधी जुनी वाचून काढा

आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते. जुन्या वेबसाइटवर एक पीडीएफ होती: कुठल्या मॉडेलला कुठल्या मापाचं सील बसतं याचा दोन पानी तक्ता. फार पूर्वी कुणीतरी कागद स्कॅन करून चढवला होता. पान तिरकं आलेलं, उजवीकडच्या रकान्यातले आकडे कडेला कापले गेलेले. वेबसाइट नव्याने करायचं ठरलं, पहिली बैठक झाली, आणि हा तक्ता नव्या साइटवर घ्यायचा नाही याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. मीही मान डोलावली.

संध्याकाळी वर्षभराचे आकडे काढून बसले. मुखपृष्ठानंतर सगळ्यात जास्त उघडलं गेलेलं पान कुठलं, तर हीच पीडीएफ. लोक गुगलवर मॉडेल नंबर आणि 'सील साइज' एवढंच टाकून थेट तिथे उतरत होते. पंप बंद पडलाय, खोलून ठेवलाय, हातात मोबाइल आहे आणि माप हवंय, अशी ती माणसं. पंप विकला गेल्यावर त्यांचा आमच्याशी उरलेला संबंध म्हणजे तो तिरका कागद, आणि आम्ही तोच फेकायला निघालो होतो.

तक्ता आम्ही मूळ ड्रॉइंगवरून पुन्हा टाइप केला, प्रत्येक माप कारखान्यातल्या माणसाकडून तपासून घेतलं आणि त्याचं साधं वेबपान केलं. त्यानंतर आमच्याच समूहातल्या आणखी दोन कंपन्यांच्या साइट माझ्याकडे आल्या. मी डिझायनर नाही, डेव्हलपरही नाही. विक्री विभागात चौकशीचे फोन घेत होते, तिथून वेबसाइटकडे आले. त्यामुळे इथे जे लिहितेय ते कंपनीच्या आतल्या माणसासाठी आहे. एजन्सी काम करून जाईल, साइट सांभाळायची तुम्हालाच आहे.

कारण एका वाक्यात लिहा

'साइट जुनाट दिसते' हे कारण पुरेसं नाही. ते खरं असेलही, पण त्यावरून काय करायचं आणि काय करायचं नाही ते ठरत नाही. 'मोबाइलवर चौकशीचा फॉर्म भरता येत नाही', 'नव्या तीन उत्पादनांना साइटवर जागाच नाही', 'एक ओळ बदलायची तरी बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं', ही कारणं. अशी दोन-तीन वाक्यं कागदावर आली आणि त्यावर निर्णय घेणाऱ्यांची सही झाली की पुढचे निम्मे वाद मिटतात. कधी कधी वाक्य लिहिल्यावर लक्षात येतं की सगळी साइट बदलायची गरजच नाही, फॉर्म आणि मेन्यू दुरुस्त केला तरी भागतं. तसं असेल तर तेवढंच करा.

त्याच कागदावर आजचे आकडे लिहून ठेवा: महिन्याला किती चौकशा फॉर्ममधून येतात, किती लोक फोन नंबरवर टिचकी मारतात, मोबाइलवरून येणारे किती. नवी साइट लाइव्ह झाल्यावर 'फरक पडला का?' असा प्रश्न येणारच, आणि आधीचे आकडे हाताशी नसतील तर उत्तर देता येत नाही. साइटवर किती लोक आले, काय बघितलं ते मोजणाऱ्या गुगलच्या जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून नवी माहिती घेणं थांबवलं आणि वर्षभराने जुने आकडेही बघायला मिळेनासे झाले. ज्यांनी ते उतरवून ठेवले नव्हते त्यांची इतक्या वर्षांची नोंद गेली. गुगलच्या शोधात आपली साइट कशी दिसते ते सांगणारं त्यांचं सर्च कन्सोल तर एरवीही फक्त १६ महिन्यांचं दाखवतं. म्हणून काम सुरू व्हायच्या आठवड्यातच सगळं डाउनलोड करून आपल्या फोल्डरमध्ये ठेवा.

जुन्या साइटची यादी

या कामाला कुणी तयार नसतं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. साइटवर आज असलेला प्रत्येक पत्ता (यूआरएल) एका शीटमध्ये उतरवायचा. हाताने करायची गरज नाही. स्क्रीमिंग फ्रॉगसारखं सॉफ्टवेअर मुखपृष्ठापासून एकेक लिंक पकडत सगळी साइट फिरून येतं. त्याची मोफत आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत चालते आणि मध्यम कंपनीला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पण ते फक्त लिंक असलेली पानं शोधतं. मेन्यूतून काढलेली पण सर्व्हरवर अजून जिवंत असलेली पानं त्याला दिसत नाहीत, आणि आमची सीलची पीडीएफ नेमकी अशीच होती. ती मुखपृष्ठावरून कुठूनच गाठता येत नव्हती, फक्त गुगलला ठाऊक होती. म्हणून सर्च कन्सोलमधली पानांची यादी, अ‍ॅनालिटिक्समधली यादी आणि जुनं साइटमॅप (शोधयंत्रांसाठी ठेवलेली पानांची यादी) या तिन्ही गोष्टी शीटला जोडा आणि दुबार ओळी काढून टाका.

माझ्या शीटमध्ये हे रकाने असतात: जुना पत्ता, पानाचं शीर्षक, वर्षभरातल्या भेटी, बाहेरच्या साइटवरून लिंक आहे का, या मजकुराची जबाबदारी कुणाची, निर्णय, नवा पत्ता. निर्णयाच्या रकान्यात चारच शब्द चालतात: ठेवा, जोडा, लिहा, काढा. 'जोडा' म्हणजे दोन-तीन पानं मिळून एक करायचं. 'लिहा' म्हणजे विषय हवा आहे पण मजकूर नव्याने लिहायचा. 'बघू' हा शब्द मी चालवून घेत नाही, कारण 'बघू' लिहिलेली ओळ लाइव्हच्या आदल्या रात्री पुन्हा समोर येते.

आमच्या शीटमध्ये सहाशेच्या वर ओळी भरल्या होत्या. त्यातल्या सव्वाशेच्या आसपास पानं खरी कामाची निघाली. उरलेली जुन्या प्रदर्शनांच्या बातम्या, बंद झालेली मॉडेलं आणि एकाच पानाच्या तीन-तीन नकला. बंद झालेल्या मॉडेलची पानं मात्र सरसकट काढू नका. मॉडेल बनणं थांबलं तरी विकलेले पंप अजून चालू असतात, आणि त्यांचे सुटे भाग शोधायला माणसं येत राहतात. अशा पानावर 'हे मॉडेल आता बनत नाही, त्याऐवजी हे घ्या, सुटे भाग इथे मिळतील' एवढं लिहिलं की ते पान पुन्हा कामाला लागतं.

जबाबदारीच्या रकान्यात विभागाचं नाव लिहू नका, माणसाचं लिहा. 'सर्व्हिस विभाग' असं लिहिलेली ओळ सहा महिन्यांनी तशीच सापडते.

फोनशेजारी दोन दिवस बसा

मेन्यू ठरवायला बसण्याआधी जी व्यक्ती कंपनीचे फोन घेते तिच्या शेजारी वही घेऊन दोन दिवस बसा. ग्राहक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारून लिहू नका. आमच्या कॅटलॉगमध्ये 'टोटल हेड' असा शब्द आहे. फोनवर तो शब्द क्वचितच येतो. माणसं विचारतात, 'किती मजले पाणी चढवेल?' कॅटलॉगमधला शब्द चुकीचा नाही, इंजिनिअरला तोच लागतो. पण पानाच्या सुरुवातीला ग्राहकाचा शब्द हवा आणि तक्त्यात इंजिनिअरचा. दोघंही ग्राहकच आहेत.

दोन दिवसांत तेच ते आठ-दहा प्रश्न फिरून फिरून येतात हे तुमच्याही लक्षात येईल. नव्या साइटचं मुखपृष्ठ त्या प्रश्नांवरून बनवा. विभागप्रमुखांना आपापल्या विभागाची चौकट मुखपृष्ठावर हवी असते, ते साहजिक आहे, प्रत्येकाला आपलं काम प्रिय असतं. पण पंप खोलून बसलेल्या माणसाला तुमच्याकडे विभाग किती आहेत याच्याशी घेणंदेणं नसतं. अशा वेळी वही पुढे करा. 'हा प्रश्न दोन दिवसांत अकरा वेळा आला' असं सांगितल्यावर चर्चेचा सूर बदलतो. माझ्या मताला तेवढं वजन कधीच आलं नसतं.

मेन्यूची विभागणी तपासायची सोपी रीत आहे. प्रत्येक पानाचं नाव एकेका चिठ्ठीवर लिहा, कंपनीबाहेरच्या पाच-सहा जणांना एकेकट्याने बोलावून सांगा की तुम्हाला जे एकत्र असावंसं वाटतं त्याचे गठ्ठे करा आणि गठ्ठ्यांना नावं द्या. आमच्याकडे 'सोल्यूशन्स' नावाचा मेन्यू होता. एकानेही तसं नाव दिलं नाही. त्यांनी लिहिलं: शेतीचे पंप, इमारतीचे पंप, सुटे भाग, दुरुस्ती. मेन्यूत आज तीच नावं आहेत.

मजकूर आधी, चित्र नंतर

बहुतेक ठिकाणी उलटं होतं. एजन्सी सुंदर पानं काढून दाखवते, त्यात खोटा भरताड मजकूर असतो, सगळे खूश होतात, आणि खरा मजकूर ओतायची वेळ आली की चौकटी फुटू लागतात. आमच्या एका मॉडेलचं नाव तीन ओळींत मावतं; डिझाइनमध्ये प्रत्येक नावाला एक ओळ दिली होती. म्हणून पहिल्या डिझाइनच्या आधी निदान पाच खऱ्या पानांचा खरा मजकूर द्या: सगळ्यात लांब नावाचं उत्पादन, सगळ्यात कमी माहिती असलेलं उत्पादन, सगळ्यात मोठा तक्ता, संपर्काचं पान आणि मुखपृष्ठ. ही पाच पानं नीट बसली की उरलेली बसतात.

काम लांबतं तेही इथेच. डेव्हलपर वेळेत काम संपवतो आणि घोडं मजकुराशी अडतं, कारण तो लिहिणं कुणाचंच मुख्य काम नसतं. जबाबदारीच्या रकान्यातल्या माणसाला 'मजकूर पाठवा' असं सांगू नका. कोऱ्या पानासमोर माणूस बसतच नाही. त्याच्याकडून अर्धा तास मागून घ्या, समोर बसून विचारा, तुम्ही लिहा आणि त्याला फक्त तपासायला द्या. चुका काढायला माणसं लगेच तयार होतात, आणि आपल्याला हवी असते ती अचूक माहितीच.

दिसण्याबद्दल मी थोडंच सांगेन, ते डिझायनरचं क्षेत्र आहे. पण काही गोष्टींवर आतल्या माणसाने अडून बसायलाच हवं. पहिली गोष्ट, फिकट राखाडी अक्षरं. ती मोठ्या स्क्रीनवर नाजूक दिसतात आणि उन्हात मोबाइलवर दिसतच नाहीत. वेब सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी निकष सांगतात की साध्या आकाराचा मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्यातलं कॉन्ट्रास्टचं प्रमाण किमान ४.५ : १ हवं, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतं. हे मोजणारी मोफत साधनं ब्राउझरमध्येच असतात. दोन मिनिटांत तपासा आणि आकडा दाखवून बोला.

दुसरी, आपोआप सरकणारी मुखपृष्ठावरची मोठी चित्रं. वाचायला सुरुवात करावी तोवर वाक्य निघून जातं. एकच चित्र ठेवा, एकच वाक्य ठेवा.

तिसरी, मराठीत पानं असतील तर. इंग्रजी मजकुरासाठी ठरवलेलं ओळींतलं अंतर देवनागरीला पुरत नाही. वरची वेलांटी आणि रफार, खालचा उकार, एकमेकांत घुसतात. डिझायनरला 'र्की' आणि 'ट्रू' अशी अक्षरं एकाखाली एक येतील असा मजकूर द्या, म्हणजे त्याला लगेच दिसेल. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे आकार पुष्कळ असतात, फाइल जड होते. म्हणून साधी आणि ठळक अशा दोनच वजनांवर भागवा आणि फॉन्ट येईपर्यंत साध्या फॉन्टमध्ये मजकूर दिसत राहील अशी व्यवस्था करायला सांगा. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवलेली आहे ना, तेही विचारा. अंध व्यक्तीसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यावरून उच्चार ठरवतं.

वेगाबद्दल एजन्सीशी करार करतानाच आकडे लिहून घ्या. 'साइट वेगवान हवी' याला अर्थ नाही. गुगलचे तीन मापदंड सोयीचे आहेत: पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, टिचकीला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा, आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे उडी मारण्याचा गुण ०.१ च्या आत असावा. तेही चारपैकी निदान तीन भेटींत. यातला प्रतिसादाचा मापदंड मार्च २०२४ मध्ये बदलला, त्यामुळे जुन्या कराराचा मसुदा तसाच उचलू नका. आणि मोजमाप ऑफिसच्या वाय-फायवर नव्या फोनवर करू नका. कुणाचा तरी चार वर्षं वापरलेला फोन घ्या, मोबाइल डेटावर लावा आणि बघा. साइट जड व्हायचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं: कॅमेऱ्यातून आलेले फोटो तसेच्या तसे चढवलेले असतात.

पाच माणसं, एक फोन

अर्धवट तयार साइट बाहेरच्या माणसांना दाखवा. पूर्ण व्हायची वाट बघू नका, पूर्ण झाल्यावर बदल करायला कुणी धजावत नाही. साइट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलेलं सूत्र मला आजवर उपयोगी पडलं आहे: एका फेरीत पाच माणसं पुरतात, मग दुरुस्त करा आणि पुन्हा पाच बोलवा.

एक प्रसंग सांगते. आम्ही देखभालीचं काम करणाऱ्या एका माणसाला बोलावलं आणि काम दिलं: 'या पंपाचं सील गळतंय, नवं कुठलं लागेल ते शोधा.' त्याने फोन घेतला. साइट उघडण्याआधी तो पंपाजवळ गेला, वाकून नंबरपट्टी बघितली, अंगठ्याने पुसली. पट्टीवर पहिल्या ओळीत अनुक्रमांक असतो आणि मॉडेल तिसऱ्या ओळीत, बारीक अक्षरांत. त्याने अनुक्रमांक टाकला. आमच्या शोधपेटीने 'काहीही सापडलं नाही' असं उत्तर दिलं. त्याने पुन्हा पट्टी पुसली, पुन्हा तोच नंबर टाकला, या वेळी जास्त सावकाश. आपलीच काहीतरी चूक होतेय असं त्याला वाटत होतं. मी ओठ घट्ट मिटून बसले होते, कारण मध्ये बोललं की चाचणी संपते.

त्या एका चाचणीने तीन बदल झाले. शोधपेटी अनुक्रमांकही ओळखू लागली. पेटीखाली नंबरपट्टीचा फोटो आला, मॉडेल कुठे लिहिलंय तिथे लाल चौकट करून. आणि 'काहीही सापडलं नाही' या वाक्याच्या जागी 'पट्टीवरची तिसरी ओळ टाकून बघा, किंवा पट्टीचा फोटो पाठवा' असं आलं. असल्या गोष्टी बैठकीच्या खोलीत बसून सुचत नाहीत.

चाचणीतलं काम सांगताना मेन्यूतला शब्द वापरू नका. 'सुटे भाग विभागात जा' म्हटलं की माणूस ते शब्द शोधतो आणि सापडतातही. अडचण सांगा, वाट त्याला शोधू द्या.

पत्ते तुटू देऊ नका

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत. त्यामुळे पहिला प्रश्न असा: पत्ता बदलायलाच हवा का? पान तेच, विषय तोच, तर पत्ताही तोच ठेवा. साइट चालवायला नवी प्रणाली घेतली म्हणून पत्ते बदलायलाच लागतात असं नसतं. बहुतेक प्रणालींत पत्ता ठरवता येतो, फक्त तसं आधी सांगावं लागतं.

जे बदलणारच त्यांच्यासाठी शीटमधला शेवटचा रकाना आहे. प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता, आणि सर्व्हरवर ३०१ क्रमांकाचं रिडायरेक्ट, म्हणजे जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्यावर नेणारी सूचना. ३०१ म्हणजे कायमचं हललं, ३०२ म्हणजे तात्पुरतं. डेव्हलपर घाईत कुठलंही लावतो, वाचणाऱ्याला फरक दिसत नाही, पण शोधयंत्राला तुमचा इरादा त्या आकड्यावरूनच कळतो. सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठावर वळवायचा मोह टाळा. सीलचं माप शोधणाऱ्याला मुखपृष्ठावर आणून सोडलं तर तो निघून जातो, आणि गुगलही असल्या वळवणीला 'पान सापडलं नाही' यातच धरतं. ज्याला खरंच जागा उरलेली नाही ते पान ४०४ (सापडलं नाही) किंवा ४१० (कायमचं काढलं) देऊ दे, मात्र त्या पानावर शोधपेटी आणि फोन नंबर ठेवा.

पीडीएफ आणि फोटो यांचेही पत्ते असतात हे विसरलं जातं. आमच्या पंपांच्या खोक्यात छापील पुस्तिका जाते, तिच्यात माहितीपुस्तकाचा पत्ता छापलेला आहे. छापलेला कागद दुरुस्त करता येत नाही. खोकी, पुस्तिका, नंबरपट्टी, व्हिजिटिंग कार्ड, क्यूआर कोड, मेलच्या खालची सही, सगळीकडे कुठले पत्ते गेलेत ते शोधा आणि शीटमध्ये घाला. हे काम माझ्याही यादीत पहिल्या वेळी नव्हतं; गोदामातल्या माणसाने पुस्तिका आणून टेबलावर ठेवली तेव्हा कळलं.

दुसऱ्यांदा साइट बदलताना जुनी रिडायरेक्टही नव्याने जुळवा. नाहीतर पहिला पत्ता दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे अशी साखळी होते. प्रत्येक जुना पत्ता थेट आजच्या पत्त्यावर यायला हवा.

लाइव्हचा दिवस

सुट्टीच्या आदल्या दिवशी लाइव्ह करू नका. सकाळी करा, पुढचे दोन दिवस सगळी माणसं जागेवर असतील असं बघून.

तुमची साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर आहेत ते डोमेनच्या डीएनएस नोंदी सांगतात. त्यांचा टीटीएल, म्हणजे इतर संगणक जुनी नोंद किती वेळ धरून ठेवतात तो आकडा, दोन-तीन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. तो बऱ्याचदा ८६,४०० म्हणजे पूर्ण दिवसाचा असतो, आणि मग काही बिघडलं तर जुन्या साइटवर परत जायला तेवढाच वेळ लागू शकतो. सगळ्या डीएनएस नोंदींची प्रत काढून ठेवा. नव्या होस्टिंगवर जाताना मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी एमएक्स नोंद राहून गेली तर सगळ्या कंपनीचा मेल बंद पडतो. सुरक्षा प्रमाणपत्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावून, दोन्ही पत्त्यांवर चालतंय का ते पाहा.

चाचणीची साइट शोधयंत्रांपासून लपवायला 'नोइंडेक्स' नावाची खूण घातलेली असते. लाइव्ह करताना ती तशीच राहिली तर गुगल एकेक करून तुमची पानं काढून टाकतं, आणि साइट दिसायला ठणठणीत असल्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही. लाइव्ह झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत पानाचा स्रोत उघडून हा शब्द शोधा, आणि शोधयंत्रांनी कुठे जायचं नाही ते सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये सगळी साइट बंद करणारी ओळ नाही ना तेही बघा. चाचणीच्या साइटला सरळ पासवर्ड लावणं हा त्याहून बरा उपाय.

फॉर्मबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण इथे आमचं नुकसान झालं आहे. एका साइटवर नवा फॉर्म बसवला, मी स्वतः भरून बघितला, मेल आला, जीव भांड्यात पडला. नऊ दिवसांनी एका जुन्या ग्राहकाचा फोन आला: दोनदा फॉर्म भरला, उत्तर का नाही? शोधल्यावर कारण सापडलं. फॉर्म भरणाऱ्याचाच ईमेल पत्ता 'पाठवणारा' म्हणून लावून सर्व्हर मेल पाठवत होता. दुसऱ्याच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची आमच्या सर्व्हरला परवानगी नव्हती, त्यामुळे मेल सेवा त्यातले बरेच मेल बनावट समजून परत लावत होती. मी चाचणी केली ती कंपनीच्याच पत्त्यावरून, म्हणून माझा मेल पोचला. ज्यांनी नऊ दिवस वाट बघितली त्यांच्यापैकी किती परत आले ते मला कधीच कळणार नाही, आणि ते मनाला अजून लागतं. पाठवणारा पत्ता नेहमी आपल्याच डोमेनचा ठेवा, ग्राहकाचा पत्ता 'उत्तर इथे पाठवा' या जागी घाला. प्रत्येक चौकशी मेलखेरीज साइटच्या डेटाबेसमध्येही साठवली जाऊ दे. आणि चाचणी तीन वेगवेगळ्या मेल सेवांच्या पत्त्यांवरून करा, लाइव्हच्या दिवशी आणि त्यानंतर दर आठवड्याला.

रिडायरेक्ट तपासायला शीट पुन्हा उघडा. जुन्या पत्त्यांचा सगळा रकाना त्याच क्रॉलर सॉफ्टवेअरला द्या आणि प्रत्येक पत्ता कुठे पोचतो ते काढा. जास्त भेटींची पहिली पन्नास पानं मात्र हाताने उघडून बघा. यंत्र सांगतं की पान उघडलं. ते बरोबर पान आहे का ते माणूसच सांगू शकतो.

पुढचे काही महिने

पहिले काही आठवडे गुगलमधली जागा वरखाली होते. घाबरून शीर्षकं बदलत सुटू नका, त्याने घोळ वाढतो. सर्च कन्सोलमध्ये नवं साइटमॅप द्या आणि 'सापडलं नाही' वाली यादी पहिला महिना रोज, नंतर आठवड्याला बघा. त्या यादीत नेहमी एखाद-दुसरा असा पत्ता निघतो जो शीटमधून निसटलेला असतो. त्याच दिवशी रिडायरेक्ट लावा आणि शीटमध्ये ओळ वाढवा. वेगाचे खऱ्या वापरातले आकडे गुगल मागच्या २८ दिवसांचे एकत्र धरून दाखवतं, म्हणून आज फोटो हलके केले तर उद्या तिथे फरक शोधू नका.

जुनं होस्टिंग निदान दोन महिने चालू ठेवा. रिडायरेक्ट किमान वर्षभर राहू द्या असं गुगल सांगतं. मी ती काढतच नाही. डोमेन, होस्टिंग, अ‍ॅनालिटिक्स आणि सर्च कन्सोल ही चारही खाती कंपनीच्या नावावर, कंपनीच्या मेलवर आहेत हे एजन्सीचं शेवटचं बिल चुकवण्याआधी बघून घ्या.

शीट टाकून देऊ नका. साइट लाइव्ह झाल्यावर मी तिच्यात एकच रकाना वाढवते: 'पुन्हा कधी वाचायचं'. प्रत्येक पानासमोर तारीख, आणि शेजारी ज्याची जबाबदारी त्याचं नाव. सीलच्या तक्त्यासमोर माझं नाव आहे. पुढच्या महिन्यात दोन नवी मॉडेलं येतायत, त्यांची मापं कारखान्यातून मागवली आहेत.